शाळेचे वर्ष कोणाचे?

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. भांड्याकुंड्यांबरोबर मुलेही निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलांची गणती कशातच नाही. आईबाप पहाटेच्या अंधारात फडावर गेले की खोपीत धाकट्या भावंडाला सांभाळायला उरते ती आठ-दहा वर्षांची बहीण. मार्च-एप्रिलमध्ये ती गावी परतते, तेव्हा शाळेत वार्षिक परीक्षेची घाई असते. मग 'गळती'चा शिक्का तिच्याच माथी बसतो.

जूनमध्ये सुरू होणारे शालेय वर्ष हा काही निसर्गनियम नव्हे. विदर्भातील शाळा उन्हाचा ताप ध्यानी घेऊन मागाहून उघडतात. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा आदेश शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. मग उन्हापुढे आणि झोपेपुढे वाकणारे वेळापत्रक उसाच्या हंगामापुढेच ताठ का?

कायद्याची आडकाठी म्हणावी, तर तीही नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ९ व्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे आणि शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरविणे, ही दोन्ही कर्तव्ये स्थानिक प्राधिकरणावर सोपविली आहेत. पाचवीपर्यंत वर्षाचे किमान २०० दिवस भरले पाहिजेत, ही अट खरी. परंतु ते कोणत्या महिन्यांत भरावेत, याचे बंधन कायद्यात नाही.

केवळ तारखा बदलून भागणार नाही, हे आम्ही जाणतो. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे निघाली, तरी सर्व मुले त्यांत सामावली नाहीत. म्हणून फडाजवळच्या शाळेतील हजेरी गावच्या शाळेत धरली जावी. त्या शाळेला जोडून पाळणाघर असावे. त्याशिवाय त्या बहिणीची सुटका नाही. हंगाम संपवून परतलेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात सकाळचे वर्ग भरावेत आणि त्यानंतरच त्यांची परीक्षा व्हावी.

तोडणीच्या दरासाठी आपण कोयता बंद ठेवतो. त्या मागणीपत्रात मुलांच्या शाळेचे कलमही आले पाहिजे. हंगामापूर्वी ग्रामसभांतून तसे ठराव करून घेणे आणि जिल्हा परिषदेकडे त्यांचा पाठपुरावा करणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. पुढच्या पिढीच्या हातातला कोयता सुटायचा असेल, तर आरंभ येथूनच करावा लागेल.