सॉफ्ट एक्स-रे: ताकदीपेक्षा सातत्य महत्त्वाचे

छातीच्या एक्स-रेला साधारण १०० किलोव्होल्ट लागतात. मॅमोग्राफीला ३०च्या आसपास पुरतात. कमी व्होल्टेजच्या या ‘सॉफ्ट’ किरणांत मऊ ऊती, बियाण्यातली कीड स्पष्ट दिसते. वस्तू हलती असेल, तर कपॅसिटरमधली वीज एका झटक्यात ट्यूबमध्ये सोडून क्षणभराचा झोत घेतात. हालचाल टिपायची, तर असे झोत एकामागून एक हवेत. अडचण इथेच आहे. ट्यूबला दिलेल्या ऊर्जेपैकी १ टक्क्याहून कमी ऊर्जेचे किरण होतात, बाकीची उष्णता. ॲनोड तापतो, स्पार्क गॅप झिजते, झोत कमी-जास्त होतात. चित्र बिघडले, की पुन्हा किरणांचा मारा. म्हणूनच अशा यंत्राचे मोल कमाल व्होल्टेजवर नव्हे, तर हजारावा झोत पहिल्यासारखाच निघतो का, यावर ठरायला हवे.