नाका, नको, नक्को

मुलांच्या वाढीविषयी आपण आईबाप बोलायला लागलो की बहुतेक वेळा महिन्यांच्या हिशोबात बोलतो. "आमची नवव्या महिन्यात चालली." "आमच्याला दात उशिरा आले, पण बोलायला मात्र लवकर लागला." चवथीला गावच्या घरी सगळे जमले की हा हिशोब मांडला जातोच, आणि कुणी कबूल करो वा न करो, त्यात थोडी चढाओढही असते. खरे तर त्या चढाओढीला फारसा आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांची पाहणी करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. काही मुले तर रांगतच नाहीत, सरळ उभी राहून चालू लागतात. तेव्हा नवव्या महिन्यात चालणारी पोर हुशार आणि पंधराव्या महिन्यात चालणारा मठ्ठ, असे काही नसते.

मला सांगायचे आहे ते या हिशोबात कुठेच न येणाऱ्या एका गोष्टीविषयी. मूल कधी बोलायला लागले हे आपण लिहून ठेवतो. ते कुणाकडून बोलायला शिकले, हे कुणी लिहीत नाही. पहिल्या मुलाच्या बाबतीत उत्तर सोपे असते. ते आईबापांकडून, आजीआजोबांकडून शिकते. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र ते पहिल्याकडून शिकते, आणि म्हणून घरातली भाषा पुढे जाणार की नाही, हे आईबापांपेक्षा थोरले भावंड ठरवते. निदान माझे तरी हे मत झाले आहे.

हे मत झाले ते हैदराबादेत. थोरली दोन वर्षांची असताना, २००३ च्या जूनमध्ये, नोकरीनिमित्त आम्ही फोंड्याहून तिकडे गेलो आणि पुढची सहा वर्षे बेगम बाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत राहिलो. धाकटा तिथलाच, २००४ च्या अखेरचा. दुसऱ्या निजामाच्या बेगमेने, हमदा बेगमने, ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणून हा बेगम बाजार, असे सांगतात. मुसी नदीच्या उत्तरेला, अफजलगंज आणि उस्मानगंजच्या शेजारी हा घाऊक बाजार पसरलेला आहे. पितळेची-स्टीलची भांडी, सुका मेवा, मसाले, पूजेचे सामान, सगळे पोत्यांनी आणि डझनांनी. आमचे घरमालक मारवाडी, समोर तेलुगू कुटुंब, दुकानांतले हमाल आणि रिक्षावाले दखनी बोलणारे, मागच्या गल्लीत गुजराती, आणि अधूनमधून नांदेड-लातूरकडची मराठी कानावर पडायची. आमच्या घरात कोकणी बोलायची आणि मराठी वाचायची. गोव्यातल्या आपल्यासारख्या पुष्कळ घरांत असते तसेच. आईची ओवी, आरती, वर्तमानपत्र आणि गोष्टीचे पुस्तक मराठी. भूक, भांडण आणि लाड कोकणी.

समोरच्या तेलुगू आजींनी मला मुलांच्या वाढीकडे बघायची एक सुरेख रीत दाखवली. त्यांच्याकडे बाळाच्या प्रत्येक टप्प्याला एकेक खाऊ ठरलेला असतो, आणि त्या जोड्या बहुतेक अक्षर जुळवून केलेल्या असतात. हसण्याला तेलुगूत 'नव्वु' म्हणतात आणि तिळांना 'नुव्वुलु', म्हणून बाळ हसले की तिळाचे लाडू. पालथे पडले, म्हणजे 'बोर्ला' पडले, की 'बोब्बट्लु', म्हणजे आपली पुरणपोळी. बसायला लागले की 'कुडुमुलु'. पहिले पाऊल म्हणजे 'अडुगु', त्याला 'अरिसेलु', म्हणजे तांदूळ-गुळाचा आपल्या अनारशाच्या जातीचा पदार्थ. आणि बोलायला लागले की साखरेचे पोपट. हे सगळे करायचे आणि शेजारी वाटायचे. धाकटा पालथा पडला त्या दिवशी आजी दारात येऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "भाभी, बाबू पलटा, बोब्बट्लु किधर?" आम्ही पुरण शिजवले आणि मजल्यावरच्या चारही घरांत पोळ्या दिल्या.

मला या रीतीत आवडते ते हे, की यात तारखेला महत्त्व नाही. कितव्या महिन्यात पालथे पडले असे कुणी विचारत नाही. पालथे पडले ना, मग पोळी खाऊया. पण त्यातही एक उणीव मला जाणवत राहिली. धाकट्याच्या प्रत्येक टप्प्याबरोबर थोरलीचाही एक टप्पा होत होता आणि त्याला कुठलाच खाऊ नव्हता. तो पालथा पडला तेव्हा ती त्याच्याशेजारी पालथी पडून त्याच्या डोळ्यांत बघायला शिकली. तो रांगायला लागला तेव्हा आपली खेळणी वर ठेवायला शिकली, आणि काही दिवसांनी त्यांतले एक आपणहून खाली ठेवायलाही. तो बडबडायला लागला तेव्हा तर ती आमची दुभाषीच झाली. "त्याला पाणी नको, पेला पाहिजे," असे ती सांगायची आणि ते बरोबर निघायचे. मूल मोठे होते ते असे. पण वजनाच्या तक्त्यात याला रकाना नसतो.

आता भाषेकडे येतो. दोन वर्षांच्या आसपास प्रत्येक मुलाला नकाराचा शोध लागतो. जेवण नको, आंघोळ नको, झोप नको. थोरली त्या वयात म्हणायची "नाका". ती फोंड्याच्या घरात, आजीच्या मांडीवर बोलायला शिकली होती. धाकटा त्या वयाचा झाला तेव्हा त्याने मान हलवून स्वच्छ सांगितले, "नक्को!" हा हैदराबादी दखनीतला शब्द. गंमत म्हणजे तो मूळचा आपलाच. मराठी 'नको' दखनीत गेला आणि तिथे त्याचा 'नक्को' झाला. दखनीत वाक्यावाक्याला येणारा 'च' देखील मराठीतून गेलेला आहे. म्हणजे शब्द फिरून घरी आला होता, पण आमच्या तोंडून नव्हे. आम्ही दोघे तर त्याच्याशी कोकणीच बोलत होतो. त्याने तो उचलला बहिणीकडून, आणि बहिणीने गल्लीतून.

मग मी लक्ष देऊन ऐकू लागलो. थोरली आमच्याशी कोकणी बोलायची, पण त्याच्याशी बोलताना कोकणी हळूहळू कमी होत गेली. शाळा-शाळा खेळताना ती बाई व्हायची, स्टीलचे डबे आणि धाकटा हे विद्यार्थी. ती शाळा पूर्ण इंग्रजी आणि हिंदीत चालायची: "सिट डाऊन", "चुप बैठो", "होमवर्क दिखाओ". भांडण हिंदीत. नियम, शिक्षा, तह सगळे हिंदीत. एकाच प्रसंगी ती न चुकता कोकणीवर यायची. रात्री वीज गेली आणि तो रडू लागला की, "रडूं नाका, हांव आसां." तीन वर्षांचा झाला तेव्हा तो कोकणी-मराठी सगळी समजायचा, उत्तर मात्र हिंदीत द्यायचा. घर तेच, आईबाप तेच, बोलणे तेच. फरक एवढाच की थोरलीला बहीण नव्हती, आणि त्याला होती.

हा अनुभव काही जगावेगळा नाही. वेर्नर लिओपोल्ड नावाचे एक जर्मन भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेत प्राध्यापक होते. बायको मुलांशी इंग्रजी बोलायची, हे फक्त जर्मन. १९३० साली जन्मलेल्या हिल्डेगार्ड या थोरल्या मुलीचा शब्दन् शब्द त्यांनी टिपून ठेवला आणि १९३९ ते १९४९ या काळात त्यावर चार खंड प्रसिद्ध केले. धाकटी कार्ला पाचसहा वर्षांनी लहान. तिच्याविषयीच्या नोंदी फारच थोड्या, दुसऱ्या मुलाच्या नशिबी असतात तेवढ्याच. पण त्यांतून दिसते ते असे, की कार्ला बापाचे जर्मन समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. पुढे विशीच्या उंबरठ्यावर ती जर्मनीला गेली तेव्हा मात्र तिला जर्मन चांगले बोलता येऊ लागले. आत साठलेली भाषा नाहीशी झालेली नव्हती, तिला बाहेर यायला निमित्त हवे होते.

हैदराबादच्या मराठी लोकांनी हा प्रश्न शाळा काढून सोडवायचा प्रयत्न केला. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे जिल्हे होते, पण राज्यकारभार उर्दूत. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बेगम बाजारापासून जवळच जांबागेत 'विवेकवर्धिनी' उभी राहिली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्याबरोबर पंडित सातवळेकरांचेही नाव तिच्या उभारणीशी जोडलेले आहे. सातवळेकर म्हणजे आपल्या शेजारच्या सावंतवाडीजवळच्या कोलगावचे. चित्रकार म्हणून हैदराबादेत गेले आणि तिथे शाळेच्या कामात पडले. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून गेला आणि शहरातले मराठी लोक परभाषेच्या राज्यात राहिले. त्या जुन्या घरांतली ज्येष्ठ माणसे भेटली की अस्सल मराठी बोलायची, नातवंडे बाजूला तेलुगू-हिंदीत खेळत असायची. शाळेने पुष्कळ राखले यात शंका नाही. पण शाळा सहाव्या वर्षी सुरू होते, आणि धाकट्याचे भाषेचे शिक्षण त्याआधीच थोरल्याच्या हाताखाली पुष्कळसे उरकलेले असते.

आमच्याकडे यावर उपाय केला तो माझ्या आईने. ती चार महिने राहायला आली. येताना 'चांदोबा'चे जुने अंक घेऊन आली. धाकट्याला "कोकणी उलय" असे तिने एकदाही बजावले नाही. ती रात्री थोरलीला गोष्ट सांगायची आणि म्हणायची, "उद्या ही तू त्याला सांगायची." दुसऱ्या दिवशी पोर 'चांदोबा' उघडून त्याला गोष्ट सांगत बसायची, अर्धी वाचून, अर्धी मनाने. समोरच्या घरातला मुलगा आपला तेलुगू 'चंदमामा' घेऊन यायचा. हे मासिक मुळात मद्रासेतून १९४७ साली तेलुगू-तमिळमध्ये निघालेले, मराठी 'चांदोबा' १९५२ चा. चित्रे तीच, विक्रम-वेताळ तोच, अक्षरे वेगळी. दोघे आपापले अंक शेजारी ठेवून चित्र जुळवत बसायची आणि धाकटा मध्ये. महिनाभरात धाकटा बहिणीला मराठीत दुरुस्त करू लागला: "वेताळ असं नाही म्हणाला." त्याचे ते पहिले सलग मराठी वाक्य. साखरेचे पोपट त्या दिवशी वाटायला हवे होते.

२००९ साली आम्ही परत आलो, आणि दोनच वर्षांत गोव्यात माध्यमाचा वाद पेटला. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान कोकणी-मराठीपुरते ठेवले गेले होते. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ते द्यायचे ठरले. मोर्चे निघाले, सभा झाल्या. अनुदानाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच आणि त्यावरचे माझे मत मातृभाषेच्या बाजूचे आहे. पण सभांना जाणाऱ्या कितीतरी घरांत, आणि मराठीवादी-कोकणीवादी दोन्ही बाजूंच्या घरांत, भावंडे एकमेकांशी इंग्रजीत बोलताना मी ऐकली आहेत. मराठी की कोकणी, यावर आपण १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधीपासून भांडतो आहोत. पोरांच्या खोलीत त्या दोघींपैकी एकीलाही जागा उरली नाही, तर ते भांडण जिंकून कुणाला काय मिळणार?

कुणी म्हणेल, भाषा बदलणारच, पोरे ज्या गावात वाढतात तिथली बोलणार. बोलोत की. आमच्या दोघांना हैदराबादी येते याचा मला आनंदच आहे. गल्लीची भाषा येणे हाही मोठे होण्याचा एक टप्पा आहे. पण गल्लीची भाषा शिकवायला गल्ली असते. घरची शिकवायला घराशिवाय कुणी नसते, आणि घर म्हणजे फक्त आपण दोघे मोठे नव्हे. थोरल्याला घरच्या भाषेत गोष्टी, शिव्या, कोडी, खेळांचे नियम आणि गुपिते द्या. ती धाकट्यापर्यंत पोचवायचे काम ते आपणहून करते, आपल्यापेक्षा बरे करते. त्यासाठी त्याचे कौतुकही झाले पाहिजे. धाकट्याच्या पहिल्या शब्दाला खाऊ करायचा असेल, तर पहिला लाडू तो शब्द देणाऱ्याच्या हातावर ठेवावा.

या चवथीला घरात पोरे जमतील तेव्हा एक करून बघा. त्यांना काही विचारू नका, काही म्हणून दाखवायला लावू नका. थोडा वेळ दाराआड उभे राहून नुसते ऐका, आपण समोर नसताना ती कुठल्या भाषेत भांडतात.