नवा व्यायाम, जुनी कंबर

‘पिलाटेस’ हा शब्द आमच्या घरात आधी सिनेनट्यांच्या मुलाखतींतून आला, मग कॉलेजात जाणाऱ्या भाचीच्या तोंडून आला आणि हल्ली तो ओळखीच्यांना हाडांचे डॉक्टरही सुचवू लागले आहेत. पुण्यामुंबईत पूर्वी जिथे झेरॉक्सचं किंवा लोकरीचं दुकान असायचं, तिथे आता काचेचं दार, आत गुळगुळीत लाकडी जमीन आणि पलंगासारखी दिसणारी स्प्रिंगांची यंत्रं दिसतात. आपल्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘योगासनं सोडून हे काय नवीन?’ दुसरा प्रश्नही ठरलेला, ‘माझी कंबर राहील का यानं?’ पहिल्या प्रश्नाला घाई नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र पैसे भरण्याच्या आधी मिळायला हवं, आणि ते बहुतेकींना मिळत नाही.

मी स्वतः तीन वर्षं हा व्यायाम करते आहे आणि तो मला मनापासून आवडतो. म्हणूनच त्याच्या नावावर जे चाललं आहे त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

मुळात हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस 1883 साली जर्मनीत जन्मला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी त्याला बेजार केलं होतं असं सांगतात; पुढे त्यानं व्यायामानं शरीर कमावलं. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो इंग्लंडला गेला, आणि युद्ध सुरू झाल्यावर तिथल्या इतर अनेक जर्मनांबरोबर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध झाला. आयल ऑफ मॅन बेटावर नॉकलो इथे मोठी छावणी होती. तिच्यात वीस हजारांहून अधिक माणसं तारेच्या कुंपणाआड होती. त्या छावणीत त्याची वर्षं गेली. आजारी कैद्यांच्या खाटांना स्प्रिंगा लावून त्यानं त्यांना पडल्या पडल्या व्यायाम करायला शिकवलं, ही हकिकत या पंथात मोठ्या भक्तीनं सांगितली जाते. खरीखोटी कशीही असो, आजची यंत्रं पाहिली की खाट आणि स्प्रिंग ही दोन्ही त्यांच्यात अजून दिसतात.

1920च्या दशकात तो अमेरिकेला गेला आणि क्लारासह त्यानं न्यूयॉर्कच्या आठव्या ॲव्हेन्यूवर व्यायामशाळा काढली. जॉर्ज बॅलनशीन, मार्था ग्रॅहम यांच्यासारखी नृत्यातली मोठी माणसं त्याच्याकडे येत, दुखावलेल्या नर्तकांना त्याच्याकडे पाठवत. तो स्वतः आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणे. 1945 साली त्यानं पुस्तक लिहिलं. त्यात चटईवर करायचे 34 व्यायाम आहेत. 1967 साली तो वारला.

त्याच्यानंतर नावावरून भांडण झालं. ‘पिलाटेस’ हा आपला व्यापारचिन्ह-हक्क आहे, असं म्हणून एका व्यावसायिकानं इतरांना कोर्टात खेचलं. 2000 साली न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयानं निकाल दिला की कराटे किंवा योग यांच्याप्रमाणे हे एका व्यायामपद्धतीचं सामान्य नाव आहे, त्यावर कोणाची मालकी नाही. निकाल योग्यच होता. पण त्याचा अर्थ असाही झाला की उद्यापासून कोणीही दारावर ही पाटी लावू शकतो. आपल्याकडे तर व्यायाम शिकवायला कायद्यानं कसलाही परवाना लागत नाही. भौतिकोपचार करणाऱ्यांसाठी 2021 सालचा कायदा आहे; व्यायाम शिकवणाऱ्यांसाठी तसं काही नाही. एक जण साडेचारशे तासांचं प्रशिक्षण घेऊन येतो, दुसरा शनिवार-रविवारचा वर्ग करून येतो. दोघांची प्रमाणपत्रं सारख्याच चौकटीत भिंतीवर टांगलेली असतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळते. यात नवीन काय? खरं तर संथपणे, श्वासावर लक्ष ठेवून, शरीरावर ताबा मिळवण्याची कल्पना मराठी घराला मुळीच परकी नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार आयुष्यभर केला. पुण्यातच बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, पट्टे, विटा, खुर्च्या वापरून ताठरलेल्या शरीरांनाही आसनं जमवून दिली. त्यांची संस्था 1975 पासून उभी आहे, आणि त्या पद्धतीत शिक्षक म्हणून मान्यता मिळायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं. साधनांचा आधार घेऊन शरीराला नेमक्या जागी आणायचं, हे तत्त्व दोन्हीकडे आहे. फरक असा की आसनात आपण स्थिरावतो. पिलाटेसमध्ये हातपाय हलत राहतात आणि धड मात्र ढळू द्यायचं नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पोटाचा सर्वांत आतला थर, कण्यालगतचे बारीक स्नायू आणि श्वासपटल यांच्याकडून काम करून घ्यायचं. पोट आत खेचून श्वास कोंडायचा नाही. बरगड्या बाजूंना छत्रीसारख्या उघडतील असा श्वास घ्यायचा आणि कष्टाच्या क्षणी सोडायचा. हे एवढंच जमायला मला दीड महिना लागला, आणि माझ्या शिक्षिकेनं तो लागू दिला.

सगळ्याच जणी तेवढ्या नशीबवान नसतात. आमच्या सोसायटीतल्या एक मावशी, वय बासष्ट, हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालेलं, एका नव्या वर्गाला जाऊ लागल्या. फॉर्मवर नाव, फोन आणि पैसे कसे भरणार एवढंच विचारलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांना उताणं झोपवून ‘हंड्रेड’ करायला लावलं. पिलाटेसच्या 34 व्यायामांतला हा अगदी पहिला: डोकं आणि खांदे उचलायचे, दोन्ही पाय जमिनीवरून तिरपे उचलायचे आणि हात शंभर वेळा वरखाली करायचे. त्यानंतर सरळ झोपून मणका-मणका गुंडाळत उठून बसण्याचा व्यायाम झाला. मावशींनी ‘पाठीत दुखतंय’ म्हटलं, तर उत्तर मिळालं, ‘दुखलं म्हणजे लागू पडतंय.’ चौथ्या दिवशी त्या गेल्या नाहीत. त्यांच्या सुनेनं त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. सुदैवानं काही मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी विचारलं, ‘तुम्हाला पुढे वाकायला कोणी सांगितलं?’

त्या प्रश्नामागे जुना अभ्यास आहे. 1984 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये कण्याची हाडं ठिसूळ झालेल्या 59 स्त्रियांचे गट करून पाहिले होते. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या 25 जणींपैकी 16 टक्क्यांच्या मणक्यांत नव्यानं इजा दिसली; पुढे वाकण्याचे, पोट दुमडण्याचे व्यायाम करणाऱ्या नऊ जणींपैकी 89 टक्क्यांच्या, म्हणजे आठ जणींच्या. गट लहान होते हे खरं. पण ठिसूळ कण्याला वारंवार आणि जोरानं पुढे दुमडू नये, हा सल्ला तेव्हापासून चालत आला आहे. पिलाटेसच्या मूळ व्यायामांत पुढे दुमडणारे कितीतरी आहेत, चेंडूसारखं गडगडणं आहे, पाय डोक्यामागे नेणं आहे. ते नर्तकांच्या शरीरांसाठी ठीक होतं. पालथं झोपून छाती किंचित उचलणं, कुशीवर पाय उचलणं, गुडघे वाकवून कंबर वर नेणं असे याच पद्धतीतले दुसरे व्यायाम मावशींना, डॉक्टरांच्या संमतीनं, सावकाश शिकवता आले असते. पद्धतीत दोष नव्हता. विचारलंच नाही, हा दोष होता.

आणि गुरूचा प्रत्येक शब्द प्रमाण मानायचं कारण नाही. खुद्द पिलाटेसला कणा तान्ह्या बाळासारखा सरळ हवा होता. आजचे जाणकार शिक्षक कंबरेची नैसर्गिक कमान राखायला शिकवतात. तरीही काही वर्गांत अजून ‘कंबर जमिनीला चिकटवा’ असा घोष सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असतो.

तेव्हा चांगला वर्ग ओळखायचा कसा? तो तुम्हाला आधी प्रश्न विचारतो. रक्तदाब आहे का? मग श्वास मुळीच रोखायचा नाही. काचबिंदू आहे का? मग डोकं खाली आणि पाय वर असे प्रकार बाद. खुब्याचा सांधा बदलला आहे का, मणक्याची चकती सरकली होती का, बाळंतपण कधी झालं, सिझेरियन होतं का, खोकताना-शिंकताना लघवी सुटते का? हा शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, आणि तो विचारणारी शिक्षिका मला तिथेच विश्वासाची वाटते. गरोदर बाईला चौथ्या महिन्यानंतर बराच वेळ उताणं झोपवून ठेवू नये. बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध फट राहिली असेल, आणि डोकं उचलताना तिथे उंचवटा येत असेल, तर तो व्यायाम तिच्यासाठी अजून अवघड आहे. सोपा करून घ्यावा. पंधरा-वीस जणींच्या वर्गात हे कोण बघणार? सुरुवातीचे आठ-दहा धडे एकटीनं किंवा दोघी-चौघींत घेता आले तर घ्यावेत, महिनाभर उशीर झाला तरी चालेल.

यंत्रांची वेगळी भीती आणि वेगळं आकर्षण. ‘रिफॉर्मर’ म्हणजे एक चौकट, तिच्यात रुळावर सरकणारा पाट आणि त्याला लावलेल्या स्प्रिंगा. जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त कठीण, असं नवख्यांना वाटतं. पायानं ढकलण्याच्या व्यायामात ते खरं आहे. पण हात दांडीवर, पाय पाटावर ठेवून शरीर फळीसारखं धरायचं असेल तेव्हा उलटं होतं: स्प्रिंग जितकी हलकी, तितका पाट निसटायला बघतो आणि पोटाला काम जास्त. म्हणून ‘आज स्प्रिंग कमी केली आहे, सोपं जाईल’ असं कोणी सांगितलं तर दांडी घट्ट धरावी. चढताना पाय आधी स्थिर भागावर, सरकत्या पाटावर नंतर. उतरताना पाट पूर्ण बंद झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. स्प्रिंगा आणि दोऱ्या झिजतात. त्या शेवटच्या कधी बदलल्या, हे बिनदिक्कत विचारावं. रिक्षाच्या मीटरकडे आपण निरखून बघतो, इथे का लाजायचं?

ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. मूळ पुस्तकातले 34 व्यायाम चटईचेच आहेत. फक्त योगासनांची पातळ चटई कण्याला टोचते. खाली दुमडलेली सतरंजी घालावी. फरशीवर पायमोजे घालून उभ्यानं काही करू नये. जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, मध्ये एखादा दिवस सोडून पुरे. मान दुखली तर डोकं खाली ठेवावं, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या, पोट जड वाटणं हे समजण्यासारखं आहे. सुई टोचल्यासारखी कळ, पायात उतरणारी वेदना, मुंग्या, चक्कर यांपैकी काही झालं तर मात्र तिथेच थांबावं. जांघेजवळ बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला किंवा पाय लुळा वाटू लागला, तर वर्ग-बिर्ग विसरून त्याच क्षणी रुग्णालय गाठावं.

फायद्याचंही खरं तेवढंच सांगावं. कंबरदुखीवरच्या दहा चाचण्यांचा, 510 रुग्णांचा, आढावा कॉक्रेन या संस्थेनं 2015 साली प्रसिद्ध केला. काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी जुजबी उपाय करण्यापेक्षा पिलाटेसनं वेदना कमी होतात, पण इतर व्यायामांपेक्षा तो सरस आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, असं त्याचं तात्पर्य होतं. म्हणजे ज्यांची सूर्यनमस्कारांची सवय चांगली चालली आहे त्यांनी शेजारणीकडे पाहून ती मोडायचं कारण नाही. यानं फारसं वजन उतरत नाही, आणि चालण्याची जागाही हा घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली मोठ्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, तो वेगळा करावाच लागतो. मला स्वतःला मिळालं ते असं: जमिनीवर बसले की आता हात न टेकता उठते, आणि पाण्याची बादली उचलताना श्वास आपोआप सुटतो.

एक मागणी आहे, आणि ती फार खर्चाची नाही. ज्या वर्गांची पाटी लागली आहे त्यांनी शिक्षक किती तास शिकले, कुठे शिकले आणि चटई शिकले की यंत्रंही, हे दारावर लिहावं. पहिल्या फॉर्मवर आजारांचा रकाना ठेवावा आणि तो वाचावा. सरकार नियम करील तेव्हा करील. तोवर हे आपल्या महिला मंडळांना आणि सोसायट्यांना घडवून आणता येईल. हॉल भाड्यानं देताना नाहीतरी वीजबिलाच्या अटी आपण घालतोच. त्यांच्या जोडीला एवढी अट घालावी, आणि वर्ग सुरू होण्याआधी एका रविवारी एखाद्या भौतिकोपचार-तज्ज्ञ बाईंना बोलावून पन्नाशीपुढच्या सगळ्या जणींची पाठ, गुडघे आणि हाडांचे रिपोर्ट बघून घ्यावेत. आमच्या सोसायटीत हे येत्या महिन्यात ठरलं आहे. यादीत पहिलं नाव त्या मावशींचं आहे, दुसरं माझं.