मीटर रीडरला दुसऱ्या टेबलावर बसवण्याआधी

पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये २४ तास समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले. व्याज ७.५९ टक्के, मुदत १० वर्षे. योजनेत स्वयंचलित वाचनाचे, म्हणजे एएमआर मीटर होते. ते बसू लागले तेव्हा 'मीटर आले की बिल येणार' म्हणत काही ठिकाणी विरोध झाला. बिल मात्र आले नाही. निवासी पाणीपट्टी वर्षानुवर्षे मिळकतकरातूनच वसूल होत राहिली. मग एवढे मीटर कशाला, असे नागरिकाने विचारले तर त्याचे चुकत नाही. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला मात्र याचे उत्तर देता आले पाहिजे: बिलाआधी मीटरचा खरा उपयोग झोनचा हिशेब लावण्यासाठी आहे. टाकीच्या आउटलेटवरचा बल्क मीटर आणि त्या झोनमधल्या सगळ्या जोडण्यांचे मीटर एकाच वेळी वाचता आले, तर गळती आणि चोरी कोणत्या गल्लीत शोधायची ते कळते. हाताने घेतलेल्या रीडिंगवर हे होत नाही, कारण पहिले घर एक तारखेला वाचले जाते आणि शेवटचे पंचवीसला.

एएमआरची बाजू घेण्यासारखी आहे ती एवढ्यासाठी. निविदेच्या टिपणीत मात्र पहिला फायदा 'मनुष्यबळात बचत' असाच लिहिलेला असतो, आणि आमचा आक्षेप तिथेच आहे.

मीटर रीडर फक्त आकडे उतरवत नाही. चेंबरचे झाकण उचलल्यावर त्याला बरेच काही दिसते: काचेत साचलेली वाफ, तुटलेले सील, उलटा बसवलेला मीटर, मीटरच्या आधीच काढलेली टी. शेजारच्या बांधकामावर पाणी कुठून येते, हेही त्याला ठाऊक असते. रेडिओ मॉड्यूल यातले काहीच पाहत नाही. चुंबक लावला किंवा मीटर उलटा फिरला तर चांगले मॉड्यूल इशारा देते. पण मीटरला वळसा घालून गेलेल्या पाइपाबद्दल ते गप्पच असते. तो ग्राहक संगणकावर काटकसरी म्हणून दिसतो.

दुसरी गोष्ट खंडित पुरवठ्याची. आपल्या बहुतेक गावांत पाणी ठरावीक तास येते. पाणी सुटले की आधी पाइपातली हवा बाहेर पडते आणि साधा जेट मीटर तेवढा वेळ भरधाव फिरतो. पुढे जमिनीखालची टाकी भरत आली की बॉलकॉक बारीक धार सोडतो. ती मीटरच्या किमान प्रवाहाच्या खाली गेली तर मीटर कमी मोजतो, फारच बारीक झाली तर काटा हलतच नाही. म्हणजे एकाच मीटरवर सकाळी जास्त नोंद, नंतर कमी. एएमआर लावल्याने ही चूक दुरुस्त होत नाही, ती दर तासाला दोन दशांश स्थळांपर्यंत पोचू लागते. रात्री दोन ते चारच्या वापरावरून घरातली गळती ओळखण्याची जी युक्ती पुरवठादार सांगतात, तीही नळाला चोवीस तास दाब असेल तिथेच चालते. सोसायटीच्या टाकीवरचा मीटर टाकी कधी भरली ते सांगतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लश गळतो हे त्याला कसे कळणार?

चेंबरबद्दल तर बोलायलाच नको. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी आणि वर बिडाचे झाकण, अशा ठिकाणाहून रेडिओचा सिग्नल नीट येत नाही. मग 'रीडिंग नाही' असा शेरा पडतो आणि आपण पुन्हा सरासरी बिलावर येतो. आयपी ६८ दर्जाची जलरोधक बांधणी मीटरचे आयुष्य वाचवते, सिग्नल वाचवत नाही.

बॅटरीचा हिशेबही आताच मांडावा. पुरवठादार दहा-पंधरा वर्षांचे आयुष्य सांगतात, पण दिवसातून एकदा सिग्नल पाठवणारा मीटर आणि दर तासाला पाठवणारा मीटर यांची बॅटरी सारखी टिकत नाही. बऱ्याच मीटरांत ती सीलबंद असते. संपली की मॉड्यूल किंवा अख्खा मीटरच बदलायचा. एका वर्षात बसवलेले सगळे मीटर साधारण एकाच सुमारास थकणार. त्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ते बदलण्याची तरतूद असावी, याची काळजी आजच्या कार्यकारी अभियंत्याने घ्यायची आहे, कारण तेव्हा तो त्या खुर्चीत नसेल.

ज्यांच्याकडे एएमआरची निविदा तयार होत आहे त्यांना आमची विनंती आहे. आधी एक झोन निवडा, त्यातले शंभर जुने मीटर काढून चाचणी बेंचवर लावा आणि किमान प्रवाहावर ते किती चुकतात ते पाहा. नवा मीटर कोणता हे त्यावरून ठरवा, कोणत्या रेडिओचा हे नंतर. एअर व्हॉल्व्ह आणि चेंबरचा निचरा त्याच अंदाजपत्रकात घ्या. आणि मोकळ्या होणाऱ्या मीटर रीडरांना कर विभागात धाडू नका. रोज सकाळी शून्य वापराची आणि 'रीडिंग नाही'ची यादी त्यांच्या हाती द्या, आणि त्यांना त्या पत्त्यांवर पाठवा.