जाहिरात अडवायची की नाही, हे ठरवणार कोण?

मोबाईलवर बातमी उघडली की आधी जाहिरात, मग दोन ओळी, मग पुन्हा जाहिरात. बंद करायची फुली इतकी बारीक की बोट हमखास जाहिरातीवरच पडते. हे आता अंगवळणी पडले आहे. मात्र जाहिरात अडवण्याची जी सोय लोकांच्या हाती होती, तिचे काय झाले याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही.

ही सोय म्हणजे अॅड ब्लॉकर. त्यातला 'यूब्लॉक ओरिजिन' रेमंड हिल यांनी बनवला. तो फुकट आहे आणि त्यासाठी देणगीही घेतली जात नाही. गुगलने क्रोमसाठी 'मॅनिफेस्ट व्ही३' हे नवे नियम आणले आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली. पूर्वी पान उघडताना कुठून काय येते आहे हे ब्लॉकर स्वतः तपासून जागीच अडवत असे. आता त्याने आपले नियम आधीच ब्राउझरकडे द्यायचे, अडवणार ब्राउझर. त्यामुळे क्रोमवर त्याची 'लाइट' ही कमी ताकदीची आवृत्ती तेवढी उरली.

गुगल सुरक्षिततेचे कारण देते. ते अगदीच खोटे नाही. एक्स्टेन्शनच्या नावाखाली वाचकावर पाळत ठेवणारेही निघतात. पण या कंपनीचे सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न जाहिरातीतून येते, आणि जाहिरात कशी अडवावी हेही तीच ठरवते! एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयाने जाहिरात तंत्रज्ञानाच्या बाजारात गुगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली, तेही याच्या जोडीने वाचायला हवे.

प्रश्न केवळ कटकटीचा नाही. सर्चमध्ये सर्वात वर दिसणारी जाहिरात कधीकधी बँकेच्या नावाने उघडलेले भामट्याचे पान असते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याच फसवणुकीबद्दल इशारा देताना अॅड ब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला होता. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून खाते रिकामे झाल्याच्या बातम्या आपणही वाचतोच. नव्याने मोबाईल वापरणाऱ्या आई-वडिलांना 'हे प्रायोजित आहे' ही बारीक अक्षरे कोण दाखवणार?

मग करायचे काय? अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्ये मूळ 'यूब्लॉक ओरिजिन' आजही चालतो. (फायरफॉक्स चालवणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गुगलशी असलेल्या सर्च करारातून येते, ही यातली गंमत.) काहीच बसवायचे नसेल तर ब्राउझरमधला 'रीडर' पर्याय वापरा, पानावरचा पसारा जाऊन फक्त मजकूर उरतो. आरएसएस ही जुनी सोय तर विसरलीच गेली. गुगलने २०१३ मध्ये आपले 'रीडर' बंद केले, पण अनेक संकेतस्थळांचे फीड अजून सुरू आहेत. अॅपमध्ये ते एकदा जोडले की नवे लेख आपोआप येतात, मधल्या अल्गोरिदमला विचारावे लागत नाही.

एक अडचण उरते. छोटी संकेतस्थळे याच जाहिरातींच्या तुटपुंज्या पैशावर सर्व्हरचे भाडे भरतात. सरसकट सगळे अडवले तर मोठ्या कंपनीला फरक पडत नाही, बंद पडते ते आपले छोटे संकेतस्थळ. म्हणून ज्यांचे लिखाण रोज वाचता, त्यांच्यापुरता ब्लॉकर बंद ठेवा. एका बटणाचे काम आहे. जाहिराती असह्य असतील तर तसे संपादकांना कळवा आणि वर्षाची वर्गणी विचारा.