कार्डावरचा बारीक आकडा
पहिला डिजिटल कॅमेरा घेताना सगळे मेगापिक्सेल मोजतात आणि मेमरी कार्डाची निवड दुकानदारावर सोडतात. कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा फोटो वाचण्याचा असतो. लिहिण्याचा किमान वेग बारीक खुणेत दडलेला. ‘व्ही ३०’ म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट. नवशिक्याच्या फोर-के व्हिडिओलाही तेवढा सहसा पुरतो. जुना कॅमेरा घेत असाल तर त्याची माहितीपुस्तिका आधी पाहा: फक्त एसडीएचसी प्रकारचं कार्ड चालत असेल, तर ३२ जीबीची मर्यादा आलीच. लग्नकार्याला १२८ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ची दोन बरी. एक बिघडलं तरी सगळेच फोटो जात नाहीत. बनावट कार्डावर क्षमता खोटीच छापलेली असते, म्हणून निम्म्या किमतीला भुलू नका. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच कार्ड घ्या.