समजून घ्या : मांजरा नदी ही वस्तू की घटना?

12 एप्रिल 2016. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडे पडले होते. नकाशावर नदी होती, धरणाची भिंतही जागेवर होती. वाहणे तेवढे थांबले होते. मग नदी म्हणायचे कशाला?

तत्त्वज्ञान काय सांगते?

ब्रिटिश गणिती आणि तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचा ‘प्रोसेस अँड रिॲलिटी’ हा ग्रंथ 1929 मध्ये आला. जग घटनांचे बनलेले आहे, असे त्यांचे म्हणणे. आपण जिला वस्तू म्हणतो, ती एकाच धाटणीने घडत राहणाऱ्या घटनांची साखळी असते. बौद्धांच्या क्षणिकवादात याच्या जवळचा विचार कित्येक शतके आधी आला होता.

मांजरेला हे कसे लागू पडते?

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा लातूर, बिदर, तेलंगण असा वळसा घेऊन नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. पाऊस पडतो, पाणी झिरपते, वाहते, म्हणून ती नदी असते.

चूक कुठे होते?

हिशेबासाठी काढलेल्या आकड्यालाच प्रत्यक्ष वास्तव समजू नका, असा व्हाइटहेड यांचा इशारा होता. ‘धरणात 40 टक्के साठा’ म्हटले की पाणी बँकेतल्या ठेवीसारखे वाटते. प्रत्यक्षात ऊन आणि पंप ते रोज कमी करत असतात. ऊस तर वर्षभर रानात उभा असतो. त्याची लागवड म्हणजे न पडलेल्या पावसावर घेतलेली उचलच.

मग नोंदी निरर्थक का?

नाही. सातबारा, हद्द, मालकी याशिवाय व्यवहार चालत नाही. पण नोंद कामापुरती खरी असते. दख्खनचा खडकही स्थिर मानला जात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीने ती समजूत मोडली.

करायचे काय?

साठ्याच्या टक्केवारीसोबत रोजची आवक, बाष्पीभवन आणि उपसा गावोगावी जाहीर व्हावा. लागवडीचा निर्णय त्यावर ठरावा. 2016 च्या पावसाळ्याअखेर धरण भरले आणि रेल्वे विस्मरणात गेली. धरण भरणे हीदेखील एक घटनाच आहे, कायमची स्थिती नव्हे.